फौजी कपड्यातील तार आणि शराकतीचा कागद

जवानाच्या बनियनमध्ये बारीक तारा गुंफून नाडी व अंगाची उष्णता मोजता येते. सरळ तार वाकून तुटते; नागमोडी घातली तर ताण सोसते. ही अक्कल विणकराची.

अमेरिकेत अशा लवचीक यंत्रांसाठी २०१५ साली संरक्षण खात्याने ७.५ कोटी डॉलर मंजूर केले, कंपन्या-विद्यापीठे वगैरेंनी त्याहून जास्त कबूल केले. आपल्याकडे डीआरडीओचा तंत्रज्ञान विकास निधी खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत मदत देतो. तयार विद्येवर मालकी मात्र दोघांची राहते.

१९३२ साली विनोबा आमच्या नालवाडीत आले आणि नुसत्या सूतकताईवर पोट भरते का, ते स्वतः कातून पाहू लागले. तसाच चोख हिशेब इथेही हवा. भांडवल, मेहनत, नफा आणि मालकी आधी कागदावर घ्या. मगच नमुना हातचा सोडा.