भोकाची जागा

चि. सोनूस,


परवा फोनवर तू म्हणालास, ‘मामा, एक्स आणि वाय दोन्ही 0.2 च्या आत आहेत, तरी मोजणीचं सीएमएम मशिन जॉब नापास दाखवतंय.’ फोनवर गडबडीत सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, म्हणून लिहितो.

तुझ्या ब्रॅकेटवर एम10 बोल्टची चार भोकं आहेत. व्यास 11.0 ते 11.2 मिलिमीटर, पोझिशन टॉलरन्स 0.4. त्या 0.4 च्या आधी व्यासाची खूण आहे, म्हणजे अक्षाला गोल जागा दिली आहे: खऱ्या ठिकाणापासून कुठल्याही दिशेला 0.2. तुझं भोक एक्समध्ये 0.18 आणि वायमध्ये 0.16 सरकलंय. दोन्ही सरकणी एकदमच झाल्यात, त्यामुळे वर्गांची बेरीज कर, वर्गमूळ काढ, दुप्पट कर. 0.48 येतं. सीएमएम खोटं बोलत नाही.

पण म्हणून लगेच लाल टॅग लावू नकोस. 0.4 च्या पुढे वर्तुळातला ‘एम’ आहे. भोक 11.0 च्या वर जेवढं मोठं, तेवढी पोझिशनमध्ये सूट. तुझं भोक 11.12 आहे, म्हणजे 0.52 पर्यंत चालतं. जॉब पास आहे. प्रोग्रॅममध्ये तो ‘एम’ भरलाय का, ते आधी बघ. मात्र ही सूट सीएमएमच्या सरासरी व्यासावरून धरायची नसते. भोकात बसणारी मोठ्यात मोठी पिन किती, तो व्यास खरा. भोक लंबगोल असेल तर तो सरासरीपेक्षा कमी भरतो. आणि ‘एम’ नसेल तिथे एक मायक्रॉनही मागायचा नाही.

स्कॉटलंडमधल्या रॉयल टॉर्पिडो फॅक्टरीतल्या स्टॅन्ली पार्करनं दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास गोल जागेचा हा विचार मांडला. एक्स-वायच्या चौकोनी मोजमापात नापास ठरलेले पार्ट जोडणीत मात्र व्यवस्थित बसतात, हा तिथला अनुभव त्यामागे होता. चौकोनाच्या कोपऱ्यांवरून जाणारं वर्तुळ घेतलं तर सुमारे 57 टक्के जास्त जागा मिळते, आणि तरीही बोल्ट बसतो. बोल्टला चौकोन कळत नाही रे! चांगला जॉब भंगारात टाकणं हा वाईट जॉब पुढे सोडण्याइतकाच मोठा दोष आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता डेटम, म्हणजे जिथून मोजायचं ते संदर्भ. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ड्रॉइंगवर पोझिशनच्या चौकटीतली ए, बी, सी ही अक्षरं ज्या क्रमानं लिहिलीत, त्याच क्रमानं जॉब टेकवायचा. ए हा माथ्याचा सपाट फेस असेल तर जॉब त्यावर तीन उंच बिंदूंवर बसतो, मग बीला दोन आणि सीला एक. आपल्याकडे व्हीएमसी मशिनवर बाजूची कड सोयीची म्हणून ऑपरेटर तिथून झिरो घेतो, इन्स्पेक्टरही तिथूनच मोजतो, आणि ग्राहकाकडे जॉब फेसवर आवळला की बोंब होते. फेस आणि कड काटकोनात नसतील तर जाड जॉबमध्ये भोकाचा अक्ष फेसला कललेला निघतो. म्हणून खोल भोकाला वर एकच वर्तुळ मोजून थांबू नकोस, खालीही मोज. अक्ष पूर्ण खोलीभर त्या क्षेत्रात हवा.

रोजच्या लॉटसाठी पिन गेज करून घ्या. 11.0 वजा 0.4, म्हणजे 10.6 च्या चार पिना अचूक जागी. डेटमवर टेकवून चारही पिना गेल्या की पोझिशन पास. व्यास मात्र गो-नो गोनं वेगळा तपासावा लागतो. शिवाय भोक कुठे सरकतंय हे गेज सांगत नाही, तेव्हा शिफ्टच्या पहिल्या जॉबचे एक्स-वाय आकडे सीएमएमवरून काढून ऑपरेटरच्या हातात दे. ऑफसेट त्यालाच दुरुस्त करायचा आहे.

आणि मे महिन्यात मशिनवरून काढलेला गरम जॉब थेट मोजायला घेऊ नकोस. मोजमापाचं तापमान 20 अंश. 300 मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा जॉब 32 अंशांवर जवळजवळ 0.08 नं लांब भरतो. बर काढून, कूलंट पुसून तो आधी इन्स्पेक्शन रूममध्ये निवू दे.

ताईला नमस्कार सांग. ब्रॅकेटच्या ड्रॉइंगमधल्या डॉवेलच्या भोकांची चौकट मला पाठव, ती आपण फोनवर बघू.

तुझा,
मामा