बंदिवान आणि मताधिकार

कारावासाच्या शिक्षेने व्यक्तीचे संचारस्वातंत्र्य जाते. नागरिकत्व मात्र जात नाही. मग तुरुंगातील नागरिकाचा मताधिकार कोणत्या कारणाने व किती काळ रोखावा, हा प्रश्न लोकशाही राष्ट्रांपुढे उभा राहतो.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९६६ मध्ये स्वीकारलेल्या नागरी व राजकीय हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारातील अनुच्छेद २५ अन्वये, गैरवाजवी निर्बंधांवाचून मतदान करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास आहे. कराराच्या पालनावर देखरेख ठेवणाऱ्या मानवी हक्क समितीने १९९६ मध्ये या हक्काचा अर्थ विशद केला. सिद्धदोष व्यक्तीचा मताधिकार निलंबित करावयाचा झाल्यास तो काळ अपराधाच्या व शिक्षेच्या प्रमाणात असावा. ज्यांचा दोष सिद्ध झालेला नाही, अशा बंद्यांना मतदानापासून वंचित ठेवू नये, असे समितीचे मत आहे.

अनेक न्यायालयांचा कौलही याच दिशेने आहे. दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने १९९९ मध्ये बंद्यांच्या नोंदणीची व मतदानाची व्यवस्था करण्याचा आदेश निवडणूक आयोगास दिला. दोन वर्षे वा अधिक शिक्षेच्या बंद्यांवरील मतदानबंदी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये रद्द ठरविली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००५ मध्ये हर्स्ट खटल्यात ब्रिटनमधील सरसकट बंदी अग्राह्य मानली. तथापि, सर्वच बंद्यांना मताधिकार दिला पाहिजे, असे मात्र म्हटले नाही.

भारत १९७९ मध्ये या करारात सामील झाला. तथापि, लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६२(५) अन्वये कारागृहात किंवा पोलिसांच्या कायदेशीर कोठडीत असलेल्या व्यक्तीस मतदान करता येत नाही. सिद्धदोष बंदी आणि न्यायाधीन बंदी असा भेद तेथे केलेला नाही. प्रतिबंधक स्थानबद्धतेतील व्यक्ती मात्र अपवाद असून त्यांना टपाली मतदानाची सोय आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही तरतूद वैध ठरविली. बंदोबस्तावर पडणारा ताण आणि गुन्हेगारी प्रवृत्तींना निवडणुकीपासून दूर ठेवण्याची गरज ही कारणे त्यावेळी ग्राह्य धरण्यात आली. मतदान रोखले तरी मतदारयादीतील नाव कायम राहते, हे २०१३ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले.

मतदान केंद्रावर काम करणाऱ्या अधिकाऱ्यांनी व शिक्षकांनी एवढे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे : ही मनाई प्रत्यक्ष बंदिवासापुरती आहे. जामिनावर सुटलेल्या मतदारास केवळ खटला प्रलंबित आहे म्हणून परत पाठविता येत नाही. मात्र जामीन न मिळालेला न्यायाधीन बंदी दोष सिद्ध होण्यापूर्वीच मतास मुकतो. कायदा आणि आंतरराष्ट्रीय तत्त्व यांमधील हे अंतर विचार करण्याजोगे आहे.