नजरेचे शिक्षण

पूस नदीच्या काठी वसलेले पुसद हे यवतमाळ जिल्ह्यातील एक मोठे गाव. सभोवारच्या काळ्या जमिनीत कापूस पिकतो व वेचणी झाली की तो बाजारात येऊ लागतो. तेथे पारखी माणूस ढिगातून मूठभर कापूस उचलतो. त्याचा पांढरेपणा, त्यातील काडीकचरा, किडीमुळे पिवळी पडलेली कवडी, हे सारे तो न्याहाळतो. चिमटीत तंतू ओढून त्यांची लांबी अजमावतो. काम क्षणभराचे, पण शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांचे मोल त्यावर ठरते.

अशी नजर कोणी जन्मतः घेऊन येत नाही. नवशिक्याला प्रथम सारेच ढीग सारखे दिसतात. तो आपला अंदाज सांगतो. जाणता माणूस प्रमाण नमुना शेजारी ठेवून 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणतो. असे शेकडो वेळा घडले म्हणजे पूर्वी न दिसणारा फरक त्याच डोळ्यांना दिसू लागतो.

परंतु शिकविणाराच खोटे सांगू लागला तर? हा प्रश्न केवळ कापसाच्या बाजारातील नाही. जेथे जेथे डोळ्यांनी पारख करावयाची, तेथे तेथे तो उद्भवतो. मायकेल हर्झोग आणि मॅन्फ्रेड फाले या जर्मन शास्त्रज्ञांनी त्याचे उत्तर प्रयोगाने शोधले. एकाखाली एक अशा दोन बारीक उभ्या रेषा ते दाखवीत. खालची रेषा किंचित डावीकडे सरकली आहे की उजवीकडे, एवढेच पाहणाऱ्याने सांगावयाचे. उत्तराचा खरा निकाल कळविला, म्हणजे सरावाने पाहणाऱ्याची पारख वाढे. मात्र उत्तराशी संबंध नसलेला, मनमानी निकाल कळविला असता सराव होऊनही प्रगती होत नाही, असे १९९७ साली त्यांनी दाखविले.

१९९९ सालच्या लेखात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. काही रेषांबाबत मुद्दाम उलट निकाल दिला, तेव्हा पाहणाऱ्यांची उत्तरे त्या खोट्याकडे झुकली. खरा निकाल मिळू लागताच ती पुन्हा लवकर ताळ्यावर आली. यावरून डोळे बिघडले नव्हते, निर्णय बिघडला होता, असे अनुमान त्यांनी काढले.

लबाड माणसाला आपली लबाडी ठाऊक असते. खोट्या शिकवणुकीने फसलेला पारखी मात्र चांगल्या कापसाला प्रामाणिकपणे हलका म्हणत राहतो, आणि शेतकरी विनाकारण नाडला जातो. प्रमाण नमुना शेजारी ठेवावयाचा, तो याचसाठी.

मित्राचे चित्र चुकले असता त्याला बरे वाटावे म्हणून आपण 'छान आहे' म्हणतो. त्याने तो क्षणभर सुखावतो, पण त्याची नजर मात्र होती तेथेच राहते. गोड शब्दांत, परंतु खरे सांगणारा मित्रच त्याच्या नजरेचा गुरू होय.

स्वाध्याय
१. नवशिक्याची नजर कशी तयार होते?
२. मनमानी निकाल आणि उलट निकाल यांचे परिणाम कोणते झाले?
३. 'खरे सांगणे हाही उपकारच होय' या विषयावर पाच वाक्ये लिहा.