'गूगलने साइन इन करा' हे बटण दाबल्यावर नेमकं काय होतं?



दीक्षा ॲप असो की मुलांच्या क्विझची एखादी साइट, लॉगिनच्या पानावर हे बटण आता हमखास दिसतं. "हे दाबलं की आमचा पासवर्ड त्या साइटवाल्यांना कळतो का?" असं पालक विचारतात. उत्तर सोपं आहे. पासवर्ड कळत नाही. पण बाकी काय कळू द्यायचं, ते परवानगी देताना आपणच ठरवत असतो.

एसटी पासचं उदाहरण

विद्यार्थ्याला एसटीचा सवलत पास काढायचा आहे. आगारातले लोक त्याला ओळखत नाहीत. तो शाळेतून मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा बोनाफाईड दाखला आणतो. आगार त्या शिक्क्यावर विश्वास ठेवून पास देतं. शाळेचं जनरल रजिस्टर काही कोणी आगारात नेत नाही! इथे गूगल म्हणजे शाळा, साइट म्हणजे आगार आणि पासवर्ड शाळेच्या कपाटातच राहतो.

प्रत्यक्ष पायऱ्या

१. बटण दाबलं की साइट आपल्याला गूगलच्या पानावर पाठवते.
२. पासवर्ड आपण गूगलच्याच पानावर टाकतो.
३. साइटला कोणती माहिती हवी आहे ते गूगल दाखवतं आणि परवानगी विचारतं.
४. आपण हो म्हटलं की गूगल साइटने आधी नोंदवलेल्या पत्त्यावरच आपल्याला परत पाठवतं, सोबत एक तात्पुरता कोड देतं.
५. साइटचा सर्व्हर तो कोड आणि स्वतःची गुप्त किल्ली गूगलला दाखवतो व 'आयडी टोकन' घेतो. हाच आपला डिजिटल दाखला. त्यावरची सही तपासून साइट आपल्याला आत घेते.

परवानगी देण्याचे नियम 'ओऑथ २.०' या नावाने २०१२ मध्ये आले. त्यावर ओळख पटवण्याची पद्धत बसवली ती 'ओपनआयडी कनेक्ट', २०१४ ची.

शाळेची साइट बनवणाऱ्यांसाठी

• विद्यार्थ्याची नोंद ईमेलवर ठेवू नका. टोकनमध्ये 'सब' नावाचा कायमचा क्रमांक असतो, तो जपा. तो जनरल रजिस्टर नंबरासारखा बदलत नाही. शाळेने दिलेला ईमेल मात्र मुलगा शाळा सोडून गेल्यावर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. मग नव्या मुलासमोर जुन्याचे गुण उघडतील!
• बोनाफाईडवर 'एसटी पाससाठी' असं कारण लिहितात, तसं टोकन कोणत्या साइटसाठी आहे हे त्यात लिहिलेलं असतं. ते आणि त्याची मुदत, दोन्ही तपासा.
• गुप्त किल्ली सर्व्हरवरच ठेवा. पानाच्या कोडमध्ये ठेवली तर ती कोणीही वाचू शकतं.

पालकांनी काय पाहावं?

• पासवर्ड टाकण्याआधी वरचा पत्ता वाचा. 'अकाउंट्स डॉट गूगल डॉट कॉम' हवं. हुबेहूब दिसणारं नकली पान बनवता येतं, आणि तिथे टाकलेला पासवर्ड थेट चोराच्या हातात जातो.
• घरात एकच फोन असेल तर कोणतं खातं निवडलंय ते बघा. बाबांच्या खात्यातून दोन्ही मुलं आत गेली तर साइटला ती एकच व्यक्ती वाटते आणि दोघांचा अभ्यास एकत्र होतो.
• लॉगिनसाठी नाव, ईमेल, फोटो एवढं पुरतं. क्विझची साइट ड्राइव्ह किंवा संपर्क यादी मागत असेल तर थांबा.
• साइटमधून लॉगआउट केलं तरी गूगल खातं उघडंच राहू शकतं. संगणक कक्षात किंवा सायबर कॅफेत दोन्हीकडून बाहेर पडा.
• गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या साइट्सची यादी मिळते. नको त्या काढा. पण साइटकडे आधी गेलेली माहिती त्याने पुसली जात नाही, ती साइटला वेगळी सांगावी लागते.
• एका किल्लीने इतकी कुलुपं उघडतात, म्हणून गूगल खात्याला द्विस्तरीय पडताळणी जरूर लावा.

वर्गासाठी उपक्रम

तीन मुलांना विद्यार्थी, शाळा आणि आगार करा आणि दाखल्याचा प्रवास करून दाखवायला सांगा. मग विचारा, "आगाराला काय कळलं? काय कळलं नाही?" पाचवी-सहावीची मुलंसुद्धा बरोबर उत्तर देतात.

आज घरी मुलांसोबत ती जोडलेल्या साइट्सची यादी एकदा उघडून पाहा.