पानावर बसलं की फक्त जेवायचं

दीक्षित की दिवेकर, कुणाची आहारपद्धत बरी, हा वाद आमच्या ऑफिसात डबे उघडले की अजूनही रंगतो. एक सहकारी दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवणारे, दुसरी दर थोड्या वेळाने छोटी डबी उघडणारी. काय खावं आणि केव्हा खावं, यावर सगळे तावातावाने बोलतात. कसं खावं, हे सहसा कुणी काढत नाही. माझा एचबीएवनसी ६.१ आला (५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पट्टी), तेव्हा डॉक्टरांनी मात्र पहिला प्रश्न तोच विचारला: "जेवायला किती वेळ घेता?"

तेव्हापासून ठाण्याच्या घरात, ऑफिसात आणि येता-जाता जे जमलं ते सांगते. लक्ष देऊन जेवायला मनाचा निग्रह थोडाच लागतो. घराची घडी नीट बसवावी लागते, ती जास्त.

१. मालिका आणि जेवण यांची वेळ वेगळी करा

"टीव्ही बंद करा" हे आमच्या घरी एक दिवसही चाललं नसतं. सासूबाईंची मालिका साडेआठची, आणि ती चुकवणं त्यांना मान्य नाही. मग जेवणच नऊवर नेलं. मालिका शांतपणे बघून होते, जेवणही शांतपणे होतं. मोबाइल पालथा ठेवून भागत नाही, तो थरथरला की नजर जातेच. आमच्याकडे जेवताना सगळ्यांचे मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लागतात.

२. पहिले चार घास गप्प बसून

इगतपुरीच्या धम्मगिरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर मी केलं आहे. तिथे न्याहारी साडेसहाला, जेवण अकराला, आणि संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा-फळं, जुन्यांना फक्त लिंबूपाणी. बोलणं पूर्ण बंद. साध्या वरणातली हळद-जिऱ्याची चव तिथे वेगवेगळी कळली. पण घर म्हणजे शिबिर नव्हे. दिवसभरात चौघं एकत्र येतात ती हीच वेळ, तेव्हा मौन कसलं पाळायचं? म्हणून आम्ही फक्त पहिले चार घास न बोलता खातो. आमटीत मीठ कमी आहे, भाजी आज वेगळी लागते आहे, हे त्या चार घासांत समजतं. मग गप्पा खुशाल चालू द्या.

३. घास मोजू नका, पुढचा घास थांबवा

एक घास बत्तीस वेळा चावा, हे आपण लहानपणापासून ऐकतो. अमेरिकेतल्या होरेस फ्लेचर (१८४९–१९१९) यांनी तर तोंडातलं अन्न अगदी पातळ होईपर्यंत चावण्याचा प्रचार केला आणि त्यावर नाव कमावलं. मी मोजून पाहिलं. सगळं लक्ष आकड्यात गेलं, भाजी कसली होती तेही आठवेना. 'चरकसंहिते'च्या विमानस्थानातल्या पहिल्याच अध्यायात जेवणाचे नियम आहेत. त्यात फार घाईने जेवू नये असं आहे, तसंच फार रेंगाळून जेवू नये असंही आहे, आणि मन जेवणात असावं असंही. हे मला जास्त पटतं.

आपली खरी खोड अशी की तोंडात एक घास असतो आणि हात पुढचा कालवत असतो. तोंडातला घास गिळून होईपर्यंत हात ताटात थांबवायचा, एवढा एकच नियम मी धरला. ज्वारीची भाकरी याला मदत करते, ती चावल्याशिवाय घशाखाली उतरतच नाही. लाळेतलं अमायलेज हे विकर पिष्टमय पदार्थांचं साखरेत रूपांतर करायला तोंडातच सुरुवात करतं, म्हणून भाकरी नीट चावली की गोडसर लागू लागते. ती गोडी लागेपर्यंत चावलं की मोजायची गरज पडत नाही.

४. वाढतानाच विचार करा

"पानात टाकायचं नाही" या शिस्तीत आपण वाढलो. पोट भरलं की थांबा, हा सल्ला त्या शिस्तीवर आपटतो आणि जिंकते शिस्तच. भांडण टाळायचं तर वाढतानाच कमी वाढून घ्यावं. डावीकडे कोशिंबीर आणि चटणी, उजवीकडे भाजी आणि उसळ, मधे भात किंवा भाकरी, असं पूर्ण ताट डोळ्यांसमोर असलं की किती खाल्लं याचा अंदाज राहतो. पातेल्यातून थोडं थोडं घेत गेलं की राहत नाही.

पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात. आतड्यातून त्यासाठीची संप्रेरकं हळूहळू स्रवतात. दहा मिनिटांत जेवण उरकलं तर निरोप येण्याआधीच दुसऱ्यांदा भात घेतलेला असतो. म्हणून पोळी संपली की ताकभाताआधी मी जरा थांबते. बऱ्याचदा नुसतं ताक पुरतं. लग्नाच्या पंगतीत आग्रह झाला तर "नको" म्हणू नये, त्याने आग्रह वाढतो. "आत्ता पुरे, मागून घेते" म्हटलं की वाढणारा पुढे सरकतो.

५. भूक आहे का, हे वरणभाताला विचारा

संध्याकाळी सहाला स्टेशनवर वडे तळल्याचा वास आला की पोटात कालवाकालव होते. तेव्हा मी स्वतःला विचारते: आत्ता समोर साधा वरणभात आला तर खाशील का? उत्तर "हो" असेल तर ती भूक, मग वडापाव बाकावर बसून, नीट चव घेत खाते. उत्तर "नाही, वडाच हवा" असेल तर बहुधा कंटाळा, थकवा किंवा साहेबांवरचा राग असतो.

फरसाण, बिस्किटं, वेफर्स यांचं गणित वेगळं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले पदार्थ दिले आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न. समोर ठेवलेल्या अन्नातली साखर, मीठ, स्निग्धांश सारखेच होते. तरी अतिप्रक्रियेच्या आहारावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खायची, आणि खायचीही भराभर. तेव्हा तोल सुटतो तो फक्त आपल्या मनामुळे नव्हे, तसल्या पदार्थामुळेही. उपाय साधा आहे: पुडीतून खायचं नाही, वाटीत काढायचं आणि पुडी परत डब्यात.

६. तव्यापाशी उभी असलेली बाई लक्ष देऊन जेवू शकत नाही

ही माझी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. सावकाश जेवा, चव घ्या, हे सांगणाऱ्यांना बहुतेक कुणीतरी आयतं वाढत असतं. वर्षानुवर्षं आमच्याकडे बाकीचे पानावर आणि मी तव्यापाशी. सगळ्यांचं झालं की उरलेली भाजी, गार आमटी आणि घड्याळाकडे बघत चार घास. त्यात कसली आली चव?

आता पोळ्या आधी करून फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवते. पाणी, मीठ, ताक, वाढायचे चमचे आधीच टेबलावर येतात, ते आणायचं काम नवऱ्याचं. आणि मधे काही लागलं तर ज्याला हवं त्याने उठायचं. सासूबाई म्हणाल्या, "फुलका तव्यावरून पानात पडायला हवा. गार पोळीला काय चव?" त्यांचंही खरंच होतं. मग रविवारी मुलगा तव्यापाशी उभा राहू लागला. "आई, घाई करू नकोस, दुसरा होतोय," हे वाक्य या घरात मी पहिल्यांदा ऐकलं. सासूबाईंनी "जरा कडक झालाय रे" असा शेरा मारून आणखी दोन फुलके घेतले.

नवरा सावकाश जेवायला शिकला तोही तेव्हाच. पोळी मागितली की लगेच पानात पडत नाही, डबा स्वतः उघडावा लागतो, त्यामुळे तो आपोआप थांबतो.

७. याला औषध समजू नका

माझी साखर आता आटोक्यात आहे, पण त्यात रोजच्या चालण्याचा आणि कमी केलेल्या भाताचाही वाटा आहे. कुणाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नये. आणि ज्या दिवशी मीटिंगमध्येच डबा संपवावा लागतो, त्या दिवशी संपवावा. रात्रीचं जेवण आहेच.

आज रात्री एवढंच करून बघा. तुमच्या घरात जी व्यक्ती सगळ्यात शेवटी जेवते, तिला सगळ्यांबरोबर पानावर बसवा, आणि ती बसेपर्यंत कुणीही पहिला घास घेऊ नका.