खानदेशची नगरे

एखाद्या नगराचे मोठेपण सांगावयाचे झाले की बहुधा त्याची लोकसंख्या सांगितली जाते. मुंबई मोठी, कारण तेथे कोट्यवधी माणसे राहतात. दिल्ली, कोलकाता, चेन्नई यांच्याविषयीही असेच म्हटले जाते. परंतु लोकसंख्या हे मोठेपणाचे माप आहे, कारण नव्हे. इतकी माणसे तेथे कशासाठी आली, हा खरा प्रश्न होय. मुंबईला खोल पाण्याचे सुरक्षित बंदर लाभले. दिल्लीला अनेक राजवटींत राजधानीचा मान मिळाला. कोलकात्याला हुगळी नदीवरील व्यापाराने वाढविले. प्रत्येक मोठ्या नगराच्या मुळाशी असे काही ना काही कार्य असते. ते कार्य चालू असेपर्यंत नगराची भरभराट होते. ते संपले आणि त्याच्या जागी दुसरे उभे राहिले नाही, तर नगराला उतरती कळा लागते.

हा नियम समजून घेण्यास फार दूर जावयास नको. तापी नदीच्या खोऱ्यात वसलेला खानदेश प्रांत त्याची उत्तम साक्ष देतो. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी, असे या प्रदेशाचे रूप आहे. बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहत जातात. तापी मात्र मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावून सुरतेजवळ पश्चिम समुद्रास मिळते. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या नद्या तिला येऊन मिळतात. काळी, कसदार जमीन आणि उत्तर हिंदुस्थानातून दख्खनेत उतरणारी वाट या दोन गोष्टी खानदेशला निसर्गानेच दिल्या. त्यांच्या आधाराने येथील नगरे वाढली.

खानदेशचे सर्वांत प्राचीन वैभव पाहावयाचे तर आजच्या मोठ्या शहरांत ते आढळत नाही. शिरपूर तालुक्यात तापीच्या काठी थाळनेर नावाचे गाव आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी घराण्याने येथे आपली राजधानी केली होती. त्या राजांच्या कबरी तेथे आहेत. पुढे फारुकी राजांनी तापीच्याच काठी बुऱ्हाणपूर वसविले आणि राजधानी तिकडे गेली. जवळच्या असीरगड किल्ल्यामुळे दख्खनच्या वाटेवर त्यांचा पहारा राहिला. १६०१ साली अकबर बादशहाने असीरगड घेतला, तेव्हा फारुकींचे राज्य संपले. परंतु बुऱ्हाणपूरचे महत्त्व कमी झाले नाही. मोगलांच्या दख्खनमधील कारभाराचे ते मोठे ठाणे बनले. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ साली येथे आला होता. मुमताज महल हिचा मृत्यू १६३१ साली याच नगरात झाला. उत्तम कापड आणि जरीकाम यांसाठी बुऱ्हाणपूरची ख्याती दूरवर पसरली होती. आज ते नगर मध्य प्रदेशात आहे. एके काळी ज्याच्या नावाने सारा खानदेश ओळखला जाई, ते नगर आता खानदेशच्या सीमेबाहेर आहे आणि थाळनेर तर लहानसे गाव होऊन राहिले आहे. सत्तेने वाढविलेली नगरे सत्तेबरोबर कशी स्थलांतर करतात, हे यावरून दिसून येते.

इंग्रजांनी १८१८ साली खानदेश ताब्यात घेतला, तेव्हा प्रांताच्या कारभाराचे ठिकाण म्हणून त्यांनी पांझरा नदीच्या काठचे धुळे निवडले. कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने जुन्या गावाशेजारी नवी पेठ आखली. सरळ आणि रुंद रस्ते हे धुळ्याचे वैशिष्ट्य त्या आखणीतून आले. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा हमरस्ता धुळ्यावरून जातो आणि सुरतेहून नागपूरकडे जाणारा रस्ता त्याला येथेच छेदतो. त्यामुळे धुळे हे आरंभापासून वाटसरूंचे व व्यापाऱ्यांचे गाव राहिले.

परंतु धुळ्याची खरी ओळख केवळ रस्त्यांत नाही. पांझरेच्या खोऱ्यात फडपद्धती नावाची पाणीवाटपाची जुनी रीत शतकानुशतके चालत आली. नदीवर बंधारा घालावयाचा, पाटाने पाणी काढावयाचे आणि लाभातील जमिनीचे मोठे फड पाडावयाचे, अशी ही रीत. एका फडात ज्यांची ज्यांची शेते असतील त्या सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि पाणी सर्वांना ठरलेल्या क्रमाने मिळावयाचे, असा तिचा दंडक होता. पाण्याची राखण व वाटप करणारी माणसे गावच नेमीत असे. सरकारी कायदा येण्यापूर्वीच शेतकऱ्यांनी आपला कायदा आपण केला होता.

ज्ञानोपासनेतही धुळ्याने नाव मिळविले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आयुष्याची अखेरची वर्षे येथे घालविली आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी येथेच त्यांचे देहावसान झाले. त्यांनी गावोगाव हिंडून जमविलेली कागदपत्रे जतन करण्यासाठी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमविलेली रामदासी वाङ्मयाची हस्तलिखिते समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. १९३२ साली आचार्य विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात असता त्यांनी बंदिवानांपुढे गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ असा तुरुंगाच्या भिंतींआड तयार झाला.

धुळे पूर्वीपासून कारभाराचे नगर होते. जळगाव मात्र बाजारपेठेमुळे पुढे आले. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तेथून मिळणारा कापूस बंद पडला. त्या गिरण्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे धाव घेतली. त्याच सुमारास मुंबईहून निघालेली आगगाडी खानदेशात पोहोचली. सातासमुद्रापलीकडील युद्ध आणि दारात आलेली आगगाडी यांनी जळगावचे भाग्य उजळले. कापसाचे ढीग, सरकी काढणारे कारखाने आणि गठ्ठे बांधणारे यंत्र यांनी लहानसे गाव गजबजून गेले. १९०६ साली खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा पूर्व खानदेशचे मुख्य ठिकाण होण्याचा मान जळगावला मिळाला. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार आणि धुळ्याची सुमारे ३ लाख ७५ हजार भरली. ज्या धुळ्यावरून एके काळी सबंध खानदेशचा कारभार चाले, त्याला जळगावने असे मागे टाकले.

जळगावने एकाच पिकावर भिस्त ठेवली नाही, हे त्याच्या वाढीचे मोठे कारण होय. सोन्याची शुद्धता आणि व्यापारातील विश्वास यांमुळे तेथील सराफ बाजाराची कीर्ती झाली. डाळीचे कारखाने निघाले. रावेर, यावल या तालुक्यांत केळीच्या बागा पसरल्या आणि सावदा, निंभोरा यांसारख्या स्थानकांतून केळी आगगाडीने उत्तर भारतात जाऊ लागली. केळीला पाणी फार लागते. विहिरींचे पाणी खोल जाऊ लागले, तेव्हा थेंबाथेंबाने पाणी देणाऱ्या ठिबक सिंचनाच्या साहित्याचा उद्योगही जळगावातच वाढला. अडचणीतून नवे काम शोधण्याची ही वृत्ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. याच परिसरातील आसोदे हे बहिणाबाई चौधरी यांचे जन्मगाव. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात व जात्यावर त्यांना सुचलेल्या ओव्या इतरांनी लिहून ठेवल्या. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. निरक्षर कवयित्रीचे नाव विद्यापीठाला मिळावे, यात त्या भूमीचा मोठा गौरव आहे.

जळगावच्या पूर्वेस भुसावळ हे खानदेशातील तिसरे मोठे शहर आहे. ते सर्वस्वी आगगाडीचे अपत्य म्हणावे लागेल. मुंबईहून येणारा लोहमार्ग येथे दुभंगतो. एक फाटा अकोल्यावरून नागपूरकडे जातो. दुसरा बुऱ्हाणपूर व खांडवा यांवरून इटारसीकडे वळतो. नागपूरचा मार्ग १८६७ साली खुला झाला आणि १८७० साली जबलपूरमार्गे मुंबई व कोलकाता जोडली गेली. गाड्यांची तपासणी, एंजिनांची दुरुस्ती आणि डब्यांची जुळवाजुळव यांसाठी देशाच्या निरनिराळ्या भागांतून माणसे येथे येऊन राहिली. म्हणून भुसावळात मराठी आणि अहिराणी यांबरोबर हिंदी व इतर अनेक भाषा कानी पडतात. बाजाराने जळगाव वाढविले, तसे रेल्वेच्या नोकरीने भुसावळ वाढविले.

बोरी नदीच्या काठचे अमळनेर लोकसंख्येने यांहून लहान आहे. पण केवळ लोकसंख्येवरून त्याचे मोल ठरवू नये. प्रताप शेठ या दानशूर उद्योगपतींनी येथे कापडाची गिरणी चालविली आणि मिळालेल्या धनाचा मोठा वाटा विद्येसाठी खर्च केला. १९१६ साली त्यांच्या साहाय्याने येथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात येथील प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांची त्यांनी आईच्या मायेने काळजी घेतली. १९४५ साली येथे वनस्पती तेलाचा एक कारखाना निघाला. विप्रो ही संगणक क्षेत्रातील प्रसिद्ध कंपनी त्यातूनच पुढे वाढली. १९५२ साली आणि पुन्हा २०२४ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरात भरले. गिरणीचा भोंगा बंद झाला, परंतु विद्येचा लौकिक टिकला.

चाळीसगावचे वैशिष्ट्य आणखी निराळे. धुळ्याकडे जाणारा लोहमार्ग येथून फुटतो. जवळच पाटण येथील शिलालेखातून असे कळते की, थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला होता. पश्चिमेकडील नंदुरबार १९४२ च्या लढ्यातील बालहुतात्मा शिरीषकुमार याच्या बलिदानाने पावन झाले आहे. १९९८ साली धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण बनले.

आता हिवरा नदीकाठच्या पाचोऱ्याकडे वळू. मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील हे तालुक्याचे गाव. २०११ साली त्याची लोकसंख्या साठ हजारांच्या आसपास होती. कापसाच्या व्यापाराने त्याला बळ दिले. परंतु त्याची खरी ओळख होती ती जामनेरकडे जाणाऱ्या छोट्या गाडीची. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झालेल्या या मार्गाच्या दोन रुळांत अवघे अडीच फूट अंतर होते. सुमारे ५६ किलोमीटरचा हा मार्ग शेंदुर्णी व पहूर यांवरून जामनेरला पोहोचे. अजिंठ्याची लेणी पाहणारे प्रवासी पहूरपर्यंत या गाडीने जाऊ शकत. परंतु तिचे खरे धनी होते ते बाजारास निघालेले शेतकरी, शाळा-महाविद्यालयांत जाणारे विद्यार्थी आणि माहेरी निघालेल्या लेकी. मोठ्या गाड्यांनी पाचोऱ्याला मुंबईशी जोडले. या छोट्या गाडीने त्याला खेड्यापाड्यांशी जोडले. लोक तिला प्रेमाने ‘पीजे’ म्हणत. २०२० साली साथीच्या काळात ती थांबली. पुढे हा मार्ग रुंद करण्याच्या योजनेस मंजुरी मिळाली.

पाचोऱ्यापुढील प्रश्न केवळ एका गाडीचा नाही. आसपासच्या खेड्यांचा माल, विद्यार्थी आणि रुग्ण ज्या गावाकडे येतात, त्या गावाला त्यांच्यामुळे महत्त्व येते. ती वाट अडली, तर तेच लोक दुसऱ्या गावाकडे वळतात आणि बाजार, शाळा, दवाखाने हळूहळू तिकडे जातात. नवा रुंद मार्ग आला म्हणजे प्रश्न आपोआप सुटेल असेही नाही. कारण चांगली वाट माणसांना गावात आणते, तशीच ती त्यांना गावाबाहेरही नेते. माणसांनी थांबावे असे काही काम गावात असले पाहिजे.

थाळनेरला सत्ता सोडून गेली आणि दुसरा आधार मिळाला नाही. जळगावने कापसाबरोबर सोने, डाळ व केळी यांची कास धरली. अमळनेरने गिरणीच्या धनातून विद्येची पेढी उघडली. तापीच्या खोऱ्यातील ही उदाहरणे लहानमोठ्या सर्वच गावांना मार्गदर्शक आहेत. नदी, रस्ता, रेल्वे यांनी गावाला संधी मिळते. त्या संधीचे सोने करणे तेथील माणसांच्या हाती असते.

स्वाध्याय

१. ‘लोकसंख्या हे मोठेपणाचे माप आहे, कारण नव्हे’ या वाक्याचा अर्थ पाठातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
२. थाळनेर व बुऱ्हाणपूर यांचे महत्त्व कशामुळे वाढले आणि कशामुळे कमी झाले?
३. फडपद्धतीत शेतकऱ्यांना कोणते नियम पाळावे लागत? त्यांपासून काय लाभ होत असेल?
४. जळगाव आणि भुसावळ यांच्या वाढीच्या कारणांतील फरक सांगा.
५. आपल्या गावातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून गावाच्या वाढीची कारणे लिहा. त्यांपैकी कोणती आज टिकून आहेत?