मोफत साधनांचा खरा खर्च : वर्ध्यातल्या शाळांसाठी हिशेब

शाळेसाठी कामाची कितीतरी ऑनलाइन साधनं आज एक रुपयाही न देता मिळतात. खर्च तरीही होतोच, फक्त तो रिचार्ज, वीज, झेरॉक्स आणि शिक्षकांचा वेळ या खात्यांवर पडतो आणि बिलात दिसत नाही. शाळेचा खर्च निघायचा कुठून, हा प्रश्न वर्ध्याला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये इथेच भरलेल्या शिक्षण परिषदेत तो गांधीजींसमोर चर्चिला गेला आणि मुलांच्या हस्तोद्योगातून शिक्षकांचं वेतन हळूहळू सुटावं, अशी अपेक्षा ठरावात आली. आपला प्रश्न त्यामानाने लहान आहे. समजा, कारंजा तालुक्यात ६० पटाची, दोन-तीन शिक्षकांची, गोदरेजच्या कपाटात ग्रंथालय असलेली एक झेडपीची शाळा आहे. ही मोफत साधनं वापरायला तिला किती पैसे लागतील?

खरोखर फुकट काय?

बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’वरचा पाठ उघडतो. हा पाठ ॲपमध्ये आधीच उतरवून ठेवला, तर वर्गात नेट लागत नाही. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टींची चित्रपुस्तकं आहेत. त्यांचा परवाना खुला असल्याने लेखक-चित्रकाराचं नाव कायम ठेवून ती छापून वाटता येतात. गणितासाठी ‘जिओजेब्रा’ आहे, संदर्भासाठी मराठी विश्वकोश. वर्ध्याच्याच महात्मा गांधी अंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाचं ‘हिंदी समय’ हे संकेतस्थळ हिंदी साहित्यासाठी उघडं आहे.

‘अर्धं फुकट’ हा प्रकार वेगळा ओळखावा. झूमची मोफत बैठक ४० मिनिटांत बंद पडते. तेवढ्यात एक तासिका जेमतेम बसते, पालकसभा बसत नाही. काही प्रश्नमंजूषा ॲप मोफत खात्यात मोजक्याच मुलांना आत घेतात. गूगलची शाळांसाठीची मूळ योजना मोफत आहे, पण तिला शाळेच्या नावाचं डोमेन लागतं आणि त्याचे पैसे दरवर्षी भरावे लागतात.

रिचार्ज : सगळ्यात मोठी गळती

दिवसाला दीड जीबीच्या प्लॅनला साधारण ३०० ते ३५० रुपये पडतात आणि त्याचा ‘महिना’ २८ दिवसांचा असतो. म्हणजे वर्षाला १३ रिचार्ज, ३,९०० ते ४,५५० रुपये. बहुतेक शाळांत ही रक्कम गुरुजींच्या खिशातून जाते आणि कुठेच लिहिली जात नाही. त्यात चांगल्या दर्जाचा व्हिडिओ तासाभरात दिवसाचा सगळा डेटा खाऊ शकतो.

उपाय सोपा आहे : एकदा उतरवा, वर्षभर वापरा. ‘कोलिब्री’ हे मोफत सॉफ्टवेअर जुन्या लॅपटॉपवर चालतं. त्यात गोष्टी, व्हिडिओ आणि सराव प्रश्न भरून ठेवले की लॅपटॉपला राउटर जोडायचा. मग वर्गातले मोबाइल-टॅब त्या वायफायवर येऊन सगळं वाचतात, इंटरनेट नसलं तरी. ‘किविक्स’ने मराठी विकिपीडिया असाच पेन ड्राइव्हवर घेता येतो. भरण्याचं काम ब्रॉडबँड असेल तिथे, तालुक्याला किंवा वर्धा शहरात, एकाच बैठकीत उरकावं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या उत्तरार्धात उघडतात. त्याआधीचा मोकळा काळ यासाठी उत्तम.

गोष्टीचं पुस्तक १६ रुपयांत

पडद्यावरची गोष्ट मुलाला घरी नेता येत नाही, म्हणून थोडं छापावंच. १६ पानांच्या गोष्टीला पुस्तिका पद्धतीने ए-फोरचे चार कागद लागतात : दोन्ही बाजूंना छपाई, प्रत्येक बाजूवर दोन पानं. म्हणजे आठ छाप. छापाला दोन रुपये धरले तर १६ रुपये, रंगीत दहा रुपयांनी ८० रुपये. मधोमध दुमडून लांब हाताच्या स्टेपलरने दोन पिना मारल्या की पुस्तक तयार. पहिली-दुसरीसाठी दहा रंगीत आणि बाकीच्यांसाठी चाळीस काळी-पांढरी, एवढ्यात वर्ष निघतं.

कपाटाची यादी

ग्रंथालयासाठी ‘कोहा’ हे मोफत सॉफ्टवेअर नावाजलेलं आहे, पण त्याला सर्व्हर आणि तो सांभाळणारा जाणकार लागतो. दोन हजार पुस्तकांच्या शाळेला लिबरऑफिसची साधी तक्ता-फाइल पुरते. रकाने सहाच : दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, विषय, कपाट, कोणाकडे आहे. नोंदी युनिकोड मराठीतच करा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पुस्तक शोधात सापडणार नाही.

इथे पैसा लागत नाही, वेळ लागतो. पुस्तकाला तीन मिनिटं धरली तर दोन हजारांना १०० तास. रोज एक तास दिला तरी अर्धं शैक्षणिक वर्ष जातं. म्हणून आधी मुलं खरंच नेतात ती ३०० पुस्तकं नोंदवा. ते काम १५ तासांचं आहे, आणि सातवीची मुलं ते आवडीने करतात.

पहिल्या वर्षाचा ढोबळ हिशेब

- पडून असलेल्या लॅपटॉपला नवी एसएसडी : २,५०० ते ४,००० रुपये
- राउटर : १,००० ते १,५०० रुपये
- लाइन गेल्यावर राउटर चालावा म्हणून छोटा यूपीएस : १,००० ते १,५०० रुपये
- दोन रिचार्ज : ६०० ते ७०० रुपये
- ५० गोष्टींची छपाई : १,४४० रुपये
- वीज, ६० वॅट, रोज पाच तास, २०० दिवस, म्हणजे ६० युनिट, दहा रुपयांनी : ६०० रुपये

एकूण ७,००० ते १०,००० रुपये. दुसऱ्या वर्षी यंत्रांचा खर्च नाही, तेव्हा तीनेक हजारांत भागतं. भाव बदलतात, त्यामुळे दोन दुकानांत विचारूनच घ्यावं.

पैसे कुठून?

‘समग्र शिक्षा’ योजनेतल्या संयुक्त शाळा अनुदानाचा निकष ३१ ते १०० पटाच्या सरकारी शाळेसाठी वर्षाला २५,००० रुपयांचा आहे. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चावे लागतात, आणि वीजबिल, डागडुजीही त्यातूनच. म्हणून वरची यादी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वर्षाच्या सुरुवातीलाच ठरावात घ्या. उरलेल्यासाठी लोकवर्गणी मागायची झाल्यास रोख रकमेऐवजी वस्तू मागा. ‘राउटर द्या’ म्हटलं की गावातला देणारा लवकर पुढे येतो.

नावं देण्याआधी

काही मोफत साधनं मुलांची माहिती मागून किंमत वसूल करतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक मानली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती हा मूळ नियम आहे. शक्यतो खात्याशिवाय चालणारी साधनंच निवडा. खातं लागलंच तर ते शिक्षकाच्या नावाने उघडा. मुलांचे फोटो, जन्मतारखा, आधार क्रमांक कुठेही टाकू नका.

स्मार्ट बोर्ड आणि टॅब सर्वांत शेवटी घ्या, तेही विक्रेत्याकडून तीन उत्तरं लेखी मिळाल्यावर : नेट नसताना काय चालेल, दुसऱ्या वर्षी किती भरावे लागतील, आणि सोडून द्यायचं ठरवलं तर आमच्या नोंदी आम्हाला परत कशा मिळतील? तिसऱ्या प्रश्नावर तो घुटमळला, तर सौदा तिथेच थांबवा.